हज्जींचा गळा

मित्रांनो, आल्यागेल्याला 'बसा' म्हणणे हे माझे जन्माचे काम. पण आज तुम्ही उभ्यानेच ऐका, कारण माझी बैठक फाटली आहे आणि डावे चाक वाकले आहे. मी एक जुनी चाकांची खुर्ची आहे. बहरीनमधल्या मनामा शहरात, एका इस्पितळाच्या मागच्या कोठीत, मोडक्या खाटा आणि सलाइनच्या गंजलेल्या दांड्या यांच्या संगतीत माझे दिवस चालले आहेत. कोठीचे दार क्वचितच उघडते. उघडले की कुणीतरी आणखी एक मोडकी वस्तू आत ढकलते आणि निघून जाते.

एक गोष्ट आधीच सांगून ठेवते. खुर्चीला माणसाची पाठ कळते, तोंड कळत नाही. जो बसायला येतो तो माझ्याकडे पाठ करून टेकतो, आणि उठला की पाठ दाखवूनच जातो. मला त्याचा राग नाही. कोण घाबरले आहे, कोण दुखणे लपवते आहे, कुणाला घरची आठवण येते आहे, हे मला पाठीवरून समजते. तेवढ्यावर मी आयुष्य काढले.

माझा जन्म मुंबईत, भायखळ्याच्या एका लहानशा कारखान्यात झाला. नळ्या वाकवणारा, चाके बसवणारा, रेक्झीन शिवणारा अशा सगळ्यांच्या तोंडी मराठी होती, म्हणून तीच माझी भाषा झाली. १९७४ साली मला लाकडी खोक्यात बंद करून बोटीवर चढवले. मीना सलमान बंदरावर खोके उघडले तेव्हा अशी झळ आली की माझे नवेकोरे तपकिरी रेक्झीन चिकट होऊन गेले. आसपास चाललेल्या बोलण्यातला एक शब्द मला कळेना. परक्या मुलखात आलेल्या सगळ्यांचे पहिल्या दिवशी जे होते, तेच माझे झाले.

सुरुवातीची वर्षे मात्र मानाची गेली. बाळंतिणी, मोती काढणारे म्हातारे पाणबुडे, तेलाच्या कारखान्यात हात भाजलेले कामगार, सगळ्यांना मी वाहिले. मेट्रन बाई पाहुण्यांसमोर माझी चाके फिरवून दाखवत आणि म्हणत, "ही मुंबईची खुर्ची. कधी तक्रार नाही." मी हुरळून जात असे. पुढे परदेशातून चकचकीत, घडी घालता येणाऱ्या खुर्च्या आल्या आणि माझी रवानगी म्हाताऱ्या पुरुषांच्या वॉर्डात झाली. कौतुक आटले. डावे चाक कुरकुरू लागले, आणि त्याला तेल घालण्याची कुणाला आठवण होईना.

तिथे मला कार्मेल भेटली. ती वसईची, वॉर्डातली सिस्टर. डॉक्टरांशी ती इंग्रजीत बोले, इतर भारतीयांशी हिंदीत, आणि बाजारात मोडक्यातोडक्या अरबीत. मराठी बोलायला तिला माणूसच नव्हते. ईसा टाउनमध्ये मराठी कुटुंबे होती म्हणा, पण त्यांच्या सुट्टीच्या दिवशी नेमकी हिची शिफ्ट असे. मग रिकामी खुर्ची कॉरिडॉरमधून नेताना ती माझ्याशी बोले. "काय गं बाय, आज फारच कुरकुरतेस. तुलापण गावची आठवण येते की काय?" ती असे म्हणाली की मी मुद्दामच जरा जास्त कुरकुरत असे. मला तेवढेच बोलता येत होते.

१९८४ च्या उन्हाळ्यात हज्जी ताहिर वॉर्डात आले. अर्धांगवायूने त्यांची उजवी बाजू गेली होती आणि बोलणेही गेले होते. डोक्यात सगळे शाबूत, पण जिभेवर फक्त दोन शब्द उरलेले. वॉर्डबॉय त्यांना खाटेवरून उचलून पाठमोरे माझ्यावर ठेवत. हाडे मोजता येतील अशी ती पाठ होती, पण ताठ. टेकायची तिला सवयच नव्हती. अशी पाठ मी पूर्वी पाहिली नव्हती. इस्पितळात आलेला माणूस टेकायला आसुसलेला असतो.

संध्याकाळी कार्मेल त्यांना कॉरिडॉरमधून फिरवायची. तिथल्या खिडकीतून दूरच्या खजुरीच्या बागा दिसायच्या. खिडकी आली की हज्जींची पाठ पुढे झुके आणि ते म्हणत, "गलआ." थोडे थांबून, कष्टाने, "कुल्लिया."

मागून ढकलणाऱ्या कार्मेलला काय ऐकू आले असेल? 'गळा' आणि 'कुल्ला'. हिंदीत गुळण्या करण्याला कुल्ला म्हणतात. मराठीत तो शब्द वेगळ्याच अवयवाला लागतो आणि त्या अवयवाशी माझा रोजचा संबंध येतो, तेव्हा हसायचे असेल तर आत्ताच हसून घ्या. कार्मेल मात्र हसली नाही. तिने डॉक्टरांना बोलावले. डॉक्टरांनी बॅटरी लावून हज्जींच्या घशात पाहिले आणि म्हणाले, "थ्रोट नॉर्मल आहे, सिस्टर."

"मग ते रोज गळा गळा का म्हणतात?"

"ओल्ड मॅन आहे. काहीतरी म्हणणारच."

कार्मेलला ते पटले नाही. कुणी दुखते म्हणतो आणि आपण ऐकत नाही, हे तिच्याने होईना. ती रोज संध्याकाळी कोमट पाण्यात मीठ घालून आणू लागली. "गळा दुखतोय ना, हज्जी? हां, असं डोकं वर करा. गळा मोकळा होईल." हज्जी निमूटपणे डोके वर करत, गुळण्या करत, चिलमचीत थुंकत. मग ती त्यांचे तोंड पुसून विचारी, "आता बरा आहे गळा?" हज्जींची पाठ माझ्यावर हलके हलू लागे. मला तेव्हा वाटायचे की त्यांना कापरे भरते.

गुळण्या झाल्यावर तिच्या गप्पा सुरू होत, मराठीत. "आमच्या वसईला किल्ला आहे, हज्जी. समुद्राला लागून. लहानपणी आम्ही चिंचा पाडायला जायचो. कुणी अडवत नाही, कुणी विचारत नाही. या, बसा, जा." हज्जींना त्यातले अक्षर कळत नव्हते. तिलाही ते ठाऊक होते. पण दोघांनाही त्या फेरीची सवय लागली होती, आणि खरे सांगायचे तर मलाही.

अशात कळले, की हज्जींची मुलगी समुद्रापलीकडच्या सौदीतल्या दम्मामहून येणार आणि त्यांना घेऊन जाणार. समुद्रावरचा पूल तेव्हा अजून बांधून व्हायचा होता. पलीकडे गेलेला आजारी म्हातारा परत येणे कठीणच होते. त्या बातमीनंतर हज्जी जेवेनात. खिडकीपाशी नेले की डाव्या हाताने माझे चाक धरून ठेवत आणि एकच शब्द पुन्हा पुन्हा म्हणत, "गलआ. गलआ." कार्मेलने मीठ वाढवले.

जुबैदा नावाची स्थानिक आया तिथे साफसफाई करायची. मनामाच्या बाजारात वाढल्यामुळे तिला हिंदी छान यायची. कार्मेलला मिठाचे पाणी कालवताना पाहून तिने विचारले, "सिस्टर, बुढ्ढे को रोज कुल्ला क्यों कराती है?"

"वोही बोलता है ना. गळा, कुल्ला."

जुबैदाने फडके खाली ठेवले आणि हसत हसत ती भिंतीला टेकली. "गलआ मतलब किला, सिस्टर! वो पुराने किले का दरवान था. उसका बाप भी. अब वहाँ फौज के अफसरों का स्कूल है, कुल्लिया. गलआ मफी, किला नहीं रहा, खलास. अब कुल्लिया. बस, यही बोलता है बेचारा."

"तुला माहीत होतं?" कार्मेलच्या तोंडून मराठीच निघाले. मग सावरून तिने हिंदीत विचारले, "तेरे को मालूम था?"

"सबको मालूम है. डॉक्टर को भी."

"तो मुझे क्यों नहीं बताया?"

"तूने पूछा कब?" जुबैदा म्हणाली. त्यात तिचे तरी काय चुकले होते? ज्यांना शब्द कळत होता त्यांनी तो ऐकून सोडून दिला होता, आणि जिने मनावर घेतला तिला तो कळला नव्हता.

त्या दिवशी हज्जींना खाटेवर पोचवून कार्मेल मला रिकामी घेऊन निघाली आणि कॉरिडॉरच्या टोकाला पोचल्यावर स्वतःच माझ्यावर बसली. इतक्या वर्षांत ती माझ्यावर कधी बसली नव्हती. तिची पाठ पहिल्यांदाच मला कळली. दिवसभर धावपळ करणाऱ्या बाईची पाठ इतकी थकलेली आणि इतकी एकटी असेल, असे मला वाटले नव्हते. ती हुंदके देत होती. मग डोळे पुसून म्हणाली, "बाय, त्यांना किल्ल्यावर घेऊन जायचं. मुलगी यायच्या आत."

पण फौजेच्या शाळेत कुणाला असे सोडतात का? तिला शैलेंद्र आठवले. हे पुण्याचे इंजिनियर, त्या शाळेतली वातानुकूलन यंत्रे सांभाळणारे. पाय मोडला तेव्हा माझ्यावर बसून त्यांनी इस्पितळाच्या चहाला मराठीत मनसोक्त नावे ठेवली होती. कार्मेलने त्यांना फोन लावला. वॉर्डच्या टेबलाशेजारीच मी उभी होते. फोनमधून त्यांचा आवाज मलाही ऐकू आला. "अहो सिस्टर, तो काय सिंहगड आहे, वाटलं की निघालो? आर्मीची जागा आहे ती."

"शैलेंद्रभाऊ, मी तुमच्याकडे कधी काही मागितलं नाही."

"मग आज कुणासाठी मागताय?"

"हज्जींसाठी."

"बघतो. इंशाल्ला म्हणतात ना इथे, तसं समजा."

दोन दिवसांनी निरोप आला. दरवाजापर्यंत परवानगी आहे. आत पाऊल टाकायचे नाही. कार्मेलचा चेहरा पडला असावा, कारण तिचा आवाज पडला. एवढ्या लांब जाऊन म्हाताऱ्याला फक्त दरवाजा दाखवायचा? पण मुलगी शुक्रवारी यायची होती आणि दुसरा उपाय नव्हता.

गुरुवारी दुपार कलल्यावर शैलेंद्र पिकअप घेऊन आले. हज्जींना पुढे कार्मेलशेजारी बसवले, मला मागे दोरीने बांधले. मी इस्पितळाबाहेरचे जग आल्या दिवसानंतर प्रथमच पाहत होते. बाब अल बहरीनच्या कमानीपाशी सोन्याच्या दुकानांतून बायका बाहेर पडत होत्या. पुढे खजुरीच्या बागा लागल्या, मग नुसते उजाड माळरान, आणि मग तो किल्ला. मातकट भिंती, कोपऱ्यांवर गोल बुरूज. भिंतींना नवा गिलावा, बुरुजावर अँटेना, आणि आतून कवायतीचे हुकूम ऐकू येत होते.

मला खाली उतरवले, हज्जींना माझ्यावर बसवले. त्यांची पाठ कधी नव्हे इतकी ताठ झाली होती. आजवर ती मला टेकत नव्हती. आता तर मला विसरलीच. कार्मेलने मला दरवाजाच्या कमानीत नेले. समोर मोठे अंगण दिसत होते. पहारेकरी आडवा आला. "मम्नूअ," तो म्हणाला. मनाई आहे, हे कळायला अरबी यावी लागत नाही.

"थोडंसंच आत," कार्मेल काकुळतीने म्हणाली. "त्यांचं घर होतं हे. शैलेंद्रभाऊ, सांगा ना त्यांना." हज्जींचा डावा हात वर झाला होता. ते आतच बोट दाखवताहेत असे समजून तिने मला उंबऱ्याकडे रेटले. पहारेकऱ्याने बंदूक आडवी धरली.

आणि मी थांबले. मला कुणी थांबवले? हज्जींनी. त्यांनी तोच हात खाली आणून माझे चाक गच्च पकडले होते. कार्मेल ढकलत होती, ते सोडत नव्हते. त्यांची सारी पाठ डावीकडे वळली होती. आत जायचेच नव्हते त्यांना. मला ते कळले होते, पण सांगणार कशी? मी जिवाच्या आकांताने कुरकुरले, एवढेच.

शैलेंद्रांनी डावीकडे पाहिले. कमानीच्या आत, दाराआड भिंतीत एक कोनाडा होता आणि त्यात दगडी बैठक. तिच्यावर वाळूने भरलेल्या लाल बादल्या ओळीने मांडल्या होत्या. "अरे," शैलेंद्र म्हणाले, "ही तर देवडी. आपल्या गडांवर असते ना, पहारेकऱ्यांची? सिस्टर, म्हातारबाबा इथे बसायचे. यांची जागा आहे ही."

कार्मेलने हात काढून घेतले. एवढ्यात आतून एक तरुण अधिकारी चालत आला. शैलेंद्रांनी त्याला इंग्रजीत सांगितले, अगदी थोडक्यात. अधिकाऱ्याने बादल्यांकडे पाहिले, हज्जींकडे पाहिले. आगीच्या बादल्या हलवायला परवानगी नाही, असे तो म्हणाला. मग त्याने आमच्याकडे पाठ फिरवली आणि कवायत बघत उभा राहिला. मित्रांनो, पाठीची भाषा मला येते. ती परवानगी होती. पहारेकऱ्यालाही ती कळली असावी, कारण त्याने बंदूक भिंतीला टेकवली आणि एकेक बादली खाली उतरवली.

शैलेंद्र आणि पहारेकऱ्याने हज्जींना उचलून देवडीत बसवले. दगड मध्यभागी झिजून खोलगट झाला होता आणि हज्जी त्यात बरोबर मावले. मी समोर रिकामी उभी होते. मान्य करते, मला वाईट वाटले. इतके महिने मी त्यांना वाहिले, पण माझ्यावर ते कधी असे बसले नव्हते. इथे त्यांची पाठ भिंतीला टेकली. अखेर टेकली.

आणि तेव्हा मला पहिल्यांदा त्यांचे तोंड दिसले. पांढरी खुरटी दाढी, ओठांचा एक कोपरा खाली ओघळलेला, आणि मिस्कील डोळे. पाठीवरून मी त्यांना दुःखी समजत आले होते. असा मिस्कील माणूस रोज माझ्यावर बसत होता आणि मला पत्ताही नव्हता.

बाहेरून पाण्याचा टँकर आला. हज्जींनी डावा पंजा उभा केला. टँकर थांबला. ड्रायव्हरने काच खाली करून सलाम केला. हज्जींनी त्याला नीट न्याहाळले, मग हात हलवून जाऊ दिले. कुणीही हसले नाही.

कार्मेल त्यांच्यापुढे गुडघे टेकून बसली. इतके महिने मागून ढकलल्यावर आज ती समोर आली होती. हज्जींनी दगडावर थाप मारली. "गलआ."

"हो, हज्जी. गलआ. किल्ला. मला कळलंच नाही हो."

त्यांनी मान हलवली. मग त्याच हाताचे बोट त्यांनी स्वतःच्या गळ्याला लावले आणि सावकाश, जीभ वळवून म्हणाले, "गळा."

अरबीत ळ नाही, मित्रांनो. तो त्यांनी तिच्याकडूनच उचलला होता, रोज संध्याकाळी, मिठाच्या पाण्याबरोबर. मग त्यांनी डोके मागे टाकले, गुळण्या केल्याचा आवाज काढला, आणि त्यांचे खांदे हलू लागले. ते हसत होते. कापरे नव्हतेच ते कधी. तिची चूक त्यांना पहिल्या दिवसापासून ठाऊक होती. तरी ते रोज खारट पाणी तोंडात घेत राहिले, कारण या परक्या पोरीला आपल्यासाठी काहीतरी करायचे आहे, एवढे त्यांना समजले होते.

कार्मेल रडत रडत हसली. "लबाड म्हातारा," ती म्हणाली. "गळा बरा आहे की मग." त्यांनी तिच्या डोक्यावर डावा हात ठेवला आणि पुन्हा म्हणाले, "गळा." आता ते गळ्याला बोट लावत नव्हते. तिच्याकडे बघत होते. त्यांच्यापुरता त्या शब्दाचा अर्थ आता तीच झाली होती.

शुक्रवारी मुलगी आली. भली बाई होती, वडिलांना जपून गाडीत बसवले, कार्मेलचे हात हातात घेऊन आभार मानले. गाडीच्या काचेतून हज्जी काहीतरी म्हणाले, पण काच बंद होती. मी इस्पितळाच्या पायऱ्यांपाशी रिकामी उभी होते.

त्यानंतर संध्याकाळची फेरी बंद झाली. कार्मेल माझ्याशीही कमी बोलू लागली. काही वर्षांनी तिचा करार संपला आणि ती वसईला गेली. जाण्याआधी ती वॉर्डात आली, माझ्यासमोर उकिडवी बसली आणि स्वयंपाकाचे तेल आणून माझ्या डाव्या चाकात घातले. पुढे चाक वाकले, बैठक फाटली आणि मला इथे कोठीत आणून टाकले.

इथल्या अंधारात एकच विचार मला सोडत नाही. दम्मामला हज्जी कधीतरी खिडकीशी बसले असतील आणि "गळा" म्हणाले असतील. मुलीला वाटले असेल, बाबांना किल्ला आठवला. ती म्हणाली असेल, हो बाबा, गलआ, गलआ. आणि त्यांनी किती जीभ वळवली, तरी त्या घरात कुणालाही कळले नसेल की ते किल्ल्याला नव्हे, माणसाला हाक मारत आहेत.

म्हणून मित्रांनो, माझे एवढे ऐका. उद्या तुम्ही एखाद्या म्हाताऱ्या माणसाची खुर्ची ढकलाल. तेव्हा नुसते मागून ढकलत राहू नका. मधूनच थांबा, पुढे या, खाली बसा, आणि त्यांचे तोंड बघून विचारा, काय म्हणालात? कळले असे वाटले तरी पुन्हा विचारा. आणि जाता जाता त्या खुर्चीच्या चाकाला थोडे तेल घाला. तिलाही काहीतरी सांगायचे असते.